शेवळ : सह्याद्रीतील एका रानफुलाचा बहर आणि त्याच्या नैसर्गिक व्याप्तीचा प्रश्न
(मढ–माळशेज परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

वसंत ऋतू म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर झाडे उभी राहतात. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर, तर चैत्र-वैशाखात करंज आणि बहावा. ही सारी फुले उंचावरची होत. त्याच दिवसांत सह्याद्रीच्या रानात मान खाली घालून पाहिले तर जमिनीवर पाचोळा, तडकलेली माती आणि क्वचित वणव्याची राख यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. अरण्यतळावरची, म्हणजे झाडांच्या सावलीत जमिनीलगत उगवणारी रानफुले वसंतात जवळजवळ नसतातच.

युरोप व उत्तर अमेरिकेतील पानझडी अरण्यांत याच्या नेमके उलट घडते. तेथे वसंत अवतरतो तो जमिनीवर. झाडे अद्याप निष्पर्ण असताना ॲनिमोन, ट्रिलियम, ब्लडरूट यांसारख्या लहान वनस्पती पाचोळ्यातून वर येतात, फुलतात आणि त्यांतील काही तर झाडांना पालवी फुटून सावली दाट होण्याच्या सुमारास पुन्हा जमिनीत लुप्त होतात. वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या गटाचे वर्णन आवर्जून असते. ते वाचणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र आपल्या रानात असे काही आहे काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

असे काही आहे. फक्त त्याचा काळ वेगळा आहे. सह्याद्रीच्या अरण्यतळाचा वसंत रोहिणी नक्षत्राच्या अखेरीस आणि मृगाच्या आरंभी, म्हणजे मे महिन्याचा शेवट व जूनचा पहिला पंधरवडा या थोड्या दिवसांत येतो. प्रस्तुत लेखात या काळातील एका ठळक वनस्पतीचा, शेवळाचा, परिचय करून देऊन तिच्या नैसर्गिक व्याप्तीविषयी काही विचार मांडला आहे. जुन्नर तालुक्यातील मढ हे गाव त्यासाठी निवडण्याचे कारण असे की, घाटमाथ्याचे ओले रान आणि देशावरचा कोरडा मुलूख यांमधील संक्रमणाचा पट्टा तेथे अगदी अरुंद आहे. एखाद्या वनस्पतीची व्याप्ती कोठे संपते, हे पाहावयाचे तर अशाच जागी पाहावे लागते.

प्रकाशाचा वसंत आणि पाण्याचा वसंत

समशीतोष्ण अरण्यातील वनस्पतींना वसंतात घाई असते ती प्रकाशाची. बर्फ वितळल्याने माती ओली असते, ऊब वाढू लागलेली असते आणि डोक्यावर पाने नसल्याने ऊन थेट जमिनीवर पोहोचते. ही संधी काही आठवड्यांचीच असते. एकदा छत्र मिटले की तळाशी प्रकाशाचा दुष्काळ पडतो.

सह्याद्रीच्या पानझडी रानात उन्हाळ्यात प्रकाशाला तोटा नसतो. नसते ते पाणी. फेब्रुवारी ते मे या काळात झाडे निष्पर्ण असतात, ऊन जमिनीला भिडते, परंतु ओलावा नसल्याने त्या उन्हाचा लहान वनस्पतींना काही उपयोग करून घेता येत नाही. याउलट पावसाळा स्थिरावल्यावर पाणी मुबलक असते, पण झाडांचे छत्र दाट होते, ढग सूर्य झाकतात, आणि गवत व इतर वनस्पतींची दाटी होते. वळवाच्या सरी आणि दाट छत्र या दोहोंच्या मधले काही दिवस तेवढे असे असतात की, माती भिजलेली आहे आणि जमीन अजून मोकळी आहे. काळी मुसळी, रानहळदीच्या काही जाती, क्लोरोफायटमच्या वर्गातील भाजीच्या वनस्पती ह्या सर्व याच दिवसांच्या आगेमागे वर येतात. या साऱ्यांचे साम्य जमिनीखाली आहे. कोणाचा कंद, कोणाचा मूलस्तंभ, कोणाची मांसल मुळे. गेल्या पावसाळ्यात साठविलेले अन्न तेथे असल्याने पहिल्या सरीची चाहूल लागताच त्यांना वेळ न दवडता उगवता येते. ट्रिलियम व ब्लडरूट यांचाही आधार हाच, जमिनीखालचा साठा. परिस्थिती भिन्न असूनही उपाय एकच निघाला आहे.

शेवळाचे वर्ष

शेवळ ही सुरण कुलातील वनस्पती. शास्त्रीय नाव ॲमॉर्फोफॅलस कॉम्युटॅटस. ॲमॉर्फोफॅलस या प्रजातीत २०० हून अधिक जाती असून त्या आफ्रिकेपासून आशियाच्या उष्ण प्रदेशांतून पॅसिफिक बेटांपर्यंत पसरलेल्या आहेत. बाजारातला सुरण याच प्रजातीचा. सुमात्रातील प्रचंड फुलोऱ्यासाठी जगप्रसिद्ध झालेली टायटॅनम ही जातही याच प्रजातीची. शेवळ मात्र भारताबाहेर आढळत नाही. पश्चिम घाट आणि त्याच्या कोकणाकडील उतारांचा प्रदेश हे तिचे मुख्य घर होय.

शेवळाला ‘फूल’ म्हणणे शास्त्रदृष्ट्या सैल आहे. जमिनीतून वर येतो तो एक संपूर्ण फुलोरा. ठिपकेदार दांड्यावर जांभळट-तपकिरी महाछद, त्याच्या कुशीत उभे स्थूलकणिश. स्थूलकणिशाच्या तळाशी स्त्री-पुष्पे, त्यांच्यावर पुं-पुष्पे आणि त्याहीवर फुले नसलेला लांबट, गडद रंगाचा शेंडा. हा सारा पसारा वर येतो तेव्हा झाडाला एकही पान नसते. पान नंतर, पाऊस धरल्यावर येते, आणि तेही एकच. अनेक खंडांत विभागलेले, छत्रीसारखे पसरलेले. ज्या वर्षी कंदात पुरेसा साठा नसतो त्या वर्षी फुलोरा येतच नाही, केवळ पान येते. कोवळ्या रोपांची पहिली वर्षे अशीच पानावर जातात. पावसाळा सरला की पान पिवळे पडून गळून जाते आणि पुढचे सहा-सात महिने त्या जागी शेवळ आहे याची जमिनीवर कसलीही खूण उरत नाही.

फुलोऱ्यातील स्त्री-पुष्पे आधी पक्व होतात व पुं-पुष्पे मागाहून, या एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. उमलताना सुटणाऱ्या कुजकट वासाने कीटक ओढले जातात. वायव्य पश्चिम घाट व कोकणातील ॲमॉर्फोफॅलसच्या जातींचे परागण सचिन पुणेकर आणि के. पी. एन. कुमारन यांनी अभ्यासून २०१० मध्ये प्रसिद्ध केले. त्यात भुंगेऱ्यांचे कार्य महत्त्वाचे असल्याचे दिसून आले. पहिल्या फुलोऱ्यात आलेला भुंगेरा पुं-पुष्पे उकलल्यावर परागाने माखून बाहेर पडतो. तो पराग उपयोगी पडावयाचा तर त्याला त्याच दिवशी, जवळपासच, स्त्री-अवस्थेतील दुसरा फुलोरा सापडला पाहिजे. एकाच फुलोऱ्याचा पराग त्याच्याच स्त्री-पुष्पांना सहसा लागू पडत नाही, कारण त्यांची वेळ टळून गेलेली असते. म्हणजे एकट्या शेवळाला वंश चालविता येत नाही. एकाच उतारावर, एकाच आठवड्यात, थोडे मागेपुढे उमलणारे अनेक फुलोरे असावे लागतात.

परागण झाले तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात दांड्यावर कणसासारखी फळे धरतात आणि पिकून नारिंगी-तांबड्या रंगाची होतात. ती पक्ष्यांच्या नजरेत भरतात, आणि दूरच्या उतारावर बी जाऊन पडण्याचा मार्ग तोच. कंद जागचा हलत नाही.

रोहिणीतील खुडणी

ज्या फुलोऱ्यावर हे सारे अवलंबून आहे, तोच माणसाच्या खाण्यात आहे. ठाणे, पालघर, रायगड या जिल्ह्यांत शेवळाच्या जुड्या मृगाच्या सुमारास बाजारात येतात. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू घरांत शेवळाचा बेत वर्षातून एकदा तरी होतोच; कोणी कोळंबी घालून करते, कोणी खिम्याबरोबर. आदिवासी पाड्यांवर ती हंगामातली साधी भाजी आहे. कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे शेवळ घशाला खाजते, म्हणून त्यात काकडाची आंबट फळे, चिंच किंवा आमसूल घालावेच लागते. निवडताना आतला पिवळट, दाणेदार भाग खाजरा म्हणून काढून टाकतात. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर खरी फुले टाकून द्यावयाची आणि फुलांभोवतीचा पसारा तेवढा शिजवावयाचा, असा हा प्रकार आहे.

खुडणाऱ्याला हवा असतो तो न उमललेला फुलोरा. उमलल्यावर वास येतो आणि भाव जातो. त्यामुळे खुडणी नेहमी परागणाच्या आधी होते. या खुडणीविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की, कंद जमिनीत शाबूत राहतो, पान येतेच, तेव्हा झाडाला काही अपाय नाही. दुसरे मत असे की, रानभाजीला शहरी मागणी आल्याने शेवळ संपत चालले. पहिल्या मतात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. फुलोरा खुडल्याने झाड मरत नाही हे खरे; मात्र त्या वर्षीचे बी जाते. आणि परागणाची वर सांगितलेली रीत ध्यानात घेतली तर दहांपैकी आठ फुलोरे खुडल्यावर उरलेल्या दोघांनाही फळ धरण्याची आशा कमी होते, कारण त्यांना जोडीदार मिळण्याचा योगच दुर्मीळ होतो. अशा उतारावर शेवळ पुढे अनेक वर्षे दिसत राहील. जुने कंद दरवर्षी पान काढतील, फुलोराही काढतील. पाहणाऱ्याला रान भरलेलेच वाटेल. फक्त नवी रोपे नसतील. दुसऱ्या मताची मांडणी करणाऱ्यांनी फुलोऱ्यांपेक्षा लहान पानांची मोजदाद करणे अधिक उपयोगाचे ठरेल. लहान पाने म्हणजे बियांपासून आलेली पिढी.

खुडणाऱ्यांवर याचा सारा ठपका ठेवणे मात्र न्याय्य नव्हे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातील महादेव कोळी व ठाकर समाजाचा या रानाशी असलेला संबंध कोणत्याही नकाशापेक्षा जुना आहे. या दोन्ही तालुक्यांतील पश्चिमेकडील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा, त्यात मुळे व कंदही आले, हक्क मान्य केलेला आहे. शेवळाच्या जागेवर रस्ता, विश्रामगृह किंवा जलाशय आला तर कंदासह सारेच जाते. खुडणीत कंद तरी राहतो.

व्याप्ती म्हणजे काय

‘पश्चिम घाटात आढळते’ हे विधान वनस्पतिकोशासाठी पुरेसे असेल, परंतु त्यावरून एखादी वनस्पती मढच्या कोणत्या उतारावर आहे आणि कोणत्या उतारावर नाही, हे समजत नाही. नैसर्गिक व्याप्ती हा नकाशावरचा सलग रंगविलेला पट्टा नसतो. ती ठिपक्यांची असते, आणि प्रत्येक ठिपक्याला काही कारणे असतात.

पहिले कारण पाऊस. कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग माळशेज घाट चढून पुष्पावतीच्या खोऱ्यात उतरतो आणि पिंपळगाव जोगे धरणाच्या जलाशयाजवळून मढ, ओतूर करीत आळेफाट्याकडे जातो. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे कड्यावर आदळून वर चढतात, थंड होतात आणि हरिश्चंद्रगड ते नाणेघाट या माथ्यावर बहुतांश पाणी सोडून पुढे जातात. पूर्वेला उतरताना हवा पुन्हा तापते, कोरडी होते. त्यामुळे तासाभराच्या मोटारप्रवासात निमसदाहरित रान, ओले पानझडी रान, कोरडे पानझडी रान आणि अखेर बाभळी-बोरींचे माळ असा क्रम पाहावयास मिळतो. शेवळाची पसंती यांतील ओल्या पानझडी रानाला व त्याच्या कडांना आहे. मढ या क्रमाच्या मधोमध येते. तेथून पश्चिमेला खिरेश्वराकडे गेले की रान दाट होते. पूर्वेला ओतूरकडे गेले की ऊस, कांदा आणि द्राक्षांचा मुलूख लागतो.

दुसरे कारण सावली. घाटमाथ्यावर भाताची रोपे टाकण्यापूर्वी राब भाजण्याची पद्धत आहे. त्यासाठी झाडांच्या फांद्या छाटतात. ज्या रानाचे छत्र वारंवार छाटले जाते तेथे जमीन लवकर वाळते आणि गवत माजते. वणव्याची धग कंदापर्यंत सहसा पोहोचत नाही, पण कंदावरचा पाचोळा व कुजकट मातीचा थर जातो, आणि बियांना रुजावयास हवा असतो तो हाच थर. याच्या उलट उदाहरण देवरायांचे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगासमोर मांडले. आंबेगाव तालुक्यातील आहुपे येथील देवराई आणि तिच्याजवळचे, १९८५ मध्ये घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्य येथे छत्र टिकून असल्याने अरण्यतळ कसे असावे याचा नमुना पाहता येतो.

तिसरे कारण इतिहास, आणि ते सर्वांत दुर्लक्षित आहे. एखादी जागा योग्य असूनही तेथे वनस्पती नसते, कारण बी तेथवर पोहोचलेलेच नसते. ट्रिलियमच्या बाबतीत हा प्रश्न अमेरिकेतील शास्त्रज्ञांना बराच काळ छळत होता. त्याचे बी मुंग्या वाहून नेतात, आणि मुंगी नेणार ती काही मीटरच. हिमयुग ओसरल्यानंतर ही वनस्पती शेकडो किलोमीटर उत्तरेला गेली कशी? २००३ मध्ये मार्क वेलंड व सहकाऱ्यांनी दाखविले की, पांढऱ्या शेपटीचे हरीणही ट्रिलियमची फळे खाते आणि त्याच्या विष्ठेतून रुजणारे बी बाहेर पडते. क्वचित घडणारा हा दूरचा प्रवास व्याप्ती घडविण्यास पुरेसा ठरतो. शेवळाच्या बाबतीत मुंगी व हरणाच्या जागी पक्षी आहेत. फळच धरले नाही तर पक्ष्यांना न्यावयास काही उरत नाही, आणि एकदा उजाड झालेला उतार पुन्हा झाडीने भरला तरी शेवळाविना राहतो.

व्याप्तीच्या आत जातही एकजिनसी नसते. कर्नाटक-गोवा सीमेवरील अनमोड, उत्तर कन्नड जिल्ह्यातील अणशी आणि केरळमधील वायनाड या स्थळांच्या नावांवरून शेवळाचे स्वतंत्र प्रकार वर्णिले गेले आहेत. कोकणातून तर ॲमॉर्फोफॅलस कोंकणेन्सिस ही निराळी जातच १९९४ मध्ये जगापुढे आली. थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची फ्लोरा १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाली, त्यानंतर जवळजवळ नऊ दशकांनी. एवढा ठळक फुलोरा असलेली वनस्पती इतकी वर्षे वेगळी म्हणून ओळखली जाऊ नये, याचे उत्तर नोंदी होण्याच्या पद्धतीत आहे.

कागदावरची व्याप्ती

वनस्पतीची व्याप्ती ठरविली जाते ती मुख्यतः वनस्पतिसंग्रहालयांतील नमुन्यांवरून. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम मंडळाचे आणि आघारकर संशोधन संस्थेचे असे दोन मोठे संग्रह आहेत. परंतु शेवळासारखी वनस्पती संग्राहकाला अनुकूल नाही. फुलोरा मांसल असल्याने कागदाच्या घडीत दाबला की कुजतो. तो द्रवात जपावा लागतो. फुलोरा येतो तेव्हा पान नसते आणि पान येते तेव्हा फुलोरा नसतो, त्यामुळे एका फेरीत पूर्ण नमुना हाती लागत नाही. केवळ पानावरून रानटी सुरणाच्या जाती ओळखणे अनुभवी अभ्यासकालाही अवघड जाते, आणि अशी पाने ‘सुरणवर्गीय’ एवढीच नोंद होऊन मागे पडतात.

त्यात शैक्षणिक वर्षाची भर. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र सहली पाऊस ओसरल्यावर, साधारणतः सप्टेंबर ते जानेवारी या महिन्यांत निघतात. शेवळ फुलते ते नेमके उन्हाळी सुटीत. प्राध्यापक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत गुंतलेले, विद्यार्थी गावी गेलेले, प्रयोगशाळेला कुलूप. एखाद्या महाविद्यालयापासून बसने अर्ध्या तासावर फुलणारी वनस्पती त्या महाविद्यालयाच्या संग्रहात नसावी, यात म्हणूनच काही आश्चर्य नाही. गेल्या काही वर्षांत आंतरजालावरील छायाचित्र-नोंदींनी, २००८ पासून चालू असलेल्या इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलसारख्या संकेतस्थळांनी, ही उणीव काही अंशी भरून काढली. त्यांचाही एक दोष आहे. माळशेजला गर्दी होते ती धबधबे वाहू लागल्यावर, आणि नोंदी होतात त्या रस्त्याच्या व पायवाटेच्या कडेने. तोवर फुलोरे खुडले गेलेले किंवा कोमेजलेले असतात. जो नकाशा तयार होतो तो शेवळाचा कमी आणि पाहुण्यांच्या भेटींचा अधिक असतो.

खरा तपशील आहे तो खुडणाऱ्यांपाशी. कोणत्या ओहळाच्या कडेला शेवळ आधी येते, कोणत्या उतारावर ते पूर्वी होते व आता नाही, वळीव चुकला तर किती दिवस लांबते, हे ज्ञान रोहिणीत रानात जाणाऱ्या स्त्रियांच्या नित्याच्या व्यवहारात आहे. ते लिहून ठेवण्यासाठी भारी उपकरणांची गरज नाही. गावकऱ्यांनी दाखविलेल्या जागेची भ्रमणध्वनीवरून अक्षांश-रेखांशासह नोंद, त्याच जागी श्रावणात पानांची लहान-मोठी अशी मोजणी आणि भाद्रपदात फळांच्या कणसांची मोजणी, अशा तीन फेऱ्या पुरेशा आहेत. पहिली फेरी सुटीत पडते. उरलेल्या दोन पहिल्या सत्रात सहज बसतात. खुडणाऱ्यांशी बोलून उताराचा काही भाग त्या वर्षापुरता अस्पर्शित ठेवता आला तर खुडलेल्या व न खुडलेल्या भागांची तुलनाही होते. जागेची नेमकी स्थळे छापताना मात्र सावधगिरी हवी. जाहीर झालेला पत्ता घाऊक व्यापाऱ्यालाही वाचता येतो, आणि ज्यांनी तो सांगितला त्यांच्याच ताटातली भाजी त्यामुळे जाऊ शकते.

फळाचे कणीस हा या तिन्हींतला सर्वांत बोलका पुरावा. हिरव्या रानात नारिंगी-तांबड्या रंगाचे ते कणीस दुरूनही दिसते, ते कोणी खुडत नाही, आणि त्या उतारावर किमान दोन फुलोरे एकमेकांच्या आवाक्यात उमलले असावेत, असा अंदाज त्यावरून करता येतो. मढपासून पश्चिमेला खिरेश्वरापर्यंत आणि पूर्वेला ओतूरच्या अलीकडच्या टेकड्यांपर्यंत भाद्रपदातल्या एका फेरीत अशी कणसे कोठवर दिसतात व कोठून पुढे केवळ पानेच उरतात, यावरून शेवळाची या खोऱ्यातील जिवंत सीमा आखता येईल.